मावेजा, उचल आणि मधला काळ

नांदेड-लातूरच्या बाजूला 'नुकसानभरपाई' हा शब्द कागदावर असतो; तोंडात असतो तो 'मावेजा'. धरणात जमीन गेली की मावेजा, रस्ता रुंद करताना घर गेले की मावेजा. आणि ट्रकखाली घरचा कर्ता माणूस गेला, नातेवाइकांनी कोर्टात 'क्लेम टाकला', तरी ओसरीवर बसून विचारले जाते ते हेच : 'मावेजाचं काय झालं?'

मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि तिथल्या दफ्तराची व न्यायालयांची भाषा उर्दू होती, हे वाचकांना ठाऊकच आहे. कोर्टाच्या तारखेला 'पेशी' म्हणण्याची इथली सवय त्या काळाची शिल्लक होय. 'मावेजा' हे 'मुआवजा' ह्या शब्दाचे इथल्या जिभेवर घासून गुळगुळीत झालेले रूप. त्याचे मूळ अरबी, आणि अर्थ एका गोष्टीच्या बदल्यात दुसरी देणे. मराठीतले 'ऐवज' आणि 'ऐवजी' हे शब्दही त्याच धातूचे. 'नुकसानभरपाई'त निदान एक खड्डा आहे आणि तो भरून येईल अशी आशा आहे. 'मावेजा'त तसे काही नाही. तिथे नुसती अदलाबदल आहे, माणसाच्या ऐवजी ऐवज.

दुसरा शब्द 'उचल'. मिळावयाच्या पैशातून काही भाग आधीच उचलून घेणे, इतका त्याचा सरळ अर्थ. लातूरच्या अडत बाजारात माल आणण्याआधी शेतकरी अडत्याकडून उचल घेतो. कंधार, मुखेड, अहमदपूर, जळकोटकडची जोडपी ऊस तोडायला कारखान्यावर निघण्यापूर्वी मुकादमाकडून उचल घेतात. सालगडी साल सुरू होतानाच मालकाकडून घेतो. घेणारा म्हणतो, हे कर्ज नव्हे, माझ्याच घामाचे आगाऊ दाम आहेत. देणारा मात्र वहीत ते कर्ज म्हणूनच लिहितो. (जाता जाता : लक्ष्मण गायकवाड हे लातूरच्याच मातीतले, आणि १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या त्यांच्या आत्मकथनाचे नाव 'उचल्या'. एकाच क्रियापदातून आगाऊ मजुरीही निघावी आणि चोरीचा शिक्काही निघावा, ह्यात भाषेने काही सांगून ठेवले आहे असे आम्हांस वाटते.)

प्रस्तुत लेख ह्या दोन शब्दांच्या मधल्या जागेविषयी आहे. माणूस रस्त्यावर जातो त्या दिवसापासून मावेजा हाती पडेपर्यंत काही वर्षे सरतात. त्या वर्षांत घर चालवायला पैसा लागतो, तो कोणी तरी उचल म्हणून देतो, आणि त्याची किंमत घेतो. ही किंमत कोणी, किती आणि कोणत्या अधिकाराने घ्यावी, ह्या प्रश्नाला आपल्याकडे एक इतिहास आहे. कायद्याच्या पुस्तकांत तो तुकड्यातुकड्यांनी सापडतो. आम्ही साहित्याचे शिक्षक. तेव्हा आम्ही तो शब्दांच्या मागोमाग जाऊन वाचला आहे.

अपघाती मृत्यूबद्दल वारसांना दाद मागता येईल असा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानात १८५५ साली झाला. त्याच्या पाठीशी इंग्लंडचा १८४६ चा कायदा होता, आणि तो रेल्वेच्या पहिल्या बहराच्या काळात झाला, हे विसरता येत नाही. यंत्र आधी आले, मागून मृत्यूचा हिशेब आला. संस्थानी मुलखात ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे आपोआप लागू होत नसत. तिथे निजाम सरकारच्या रेल्वे व रस्ते वाहतूक खात्याने १९३२ साली २७ बसगाड्यांनिशी प्रवासी वाहतूक सुरू केली. पुढे १९३९ चा मोटार वाहन कायदा झाला. त्यातले त्रयस्थ व्यक्तीच्या विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून अंमलात आले. आणि १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा प्राधिकरणांची तरतूद झाली. त्याच १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला.

प्राधिकरण आले तरी जुनी अट सुटली नव्हती. मयताच्या वारसांनी चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध केला पाहिजे, ही ती अट. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयातून गेलेल्या एका अपिलात, तिचा निःसंदिग्ध पुनरुच्चार केला. आता अहमदपूर ते लोहा ह्या रस्त्यावर मध्यरात्री ट्रकने सायकलस्वार उडवला तर साक्षीदार कोण? रस्त्याकडेची बाभूळ. मेलेला बोलत नाही आणि चालक खरे बोलत नाही. ह्या अटीतला अन्याय विधी आयोगाने ओळखला होता. १९७२ च्या ५१ व्या आणि १९८० च्या ८५ व्या अहवालांत दोष न पाहता काही भरपाई मिळावी ह्या दिशेने शिफारशी आल्या, आणि अखेर १९८२ साली संसदेने जुन्या कायद्यात '९२-अ' हे कलम घातले. ते १ ऑक्टोबर १९८२ पासून लागू झाले. त्याच्या जेमतेम दीड महिना आधी, १६ ऑगस्टला, उस्मानाबादमधून फुटून लातूर जिल्हा जन्माला आला होता. दोन्ही घटनांचा परस्परसंबंध काही नाही. परंतु लातूर जिल्ह्याचे वय आणि ह्या सरकारी उचलीचे वय सारखेच धरायला हरकत नाही.

होय, आम्ही तिला उचलच म्हणतो. कायद्याची भाषा 'विनादोष दायित्व' अशी जड आहे, पण आतला व्यवहार साधा होता. चूक कोणाची, ते नंतर पाहू. वाहनामुळे माणूस गेला एवढे दिसले की वाहनमालकाने, म्हणजे व्यवहारात विमा कंपनीने, वारसांना १५,००० रुपये आधी द्यावेत. कायमच्या अपंगत्वाला ७,५००. हा अर्ज मुख्य दाव्याच्या आधी निकाली काढावा, असे कलमातच लिहिले होते. अंतिम भरपाई ठरली की दिलेली रक्कम तीतून वजा. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की दोषाच्या तत्त्वावरचा मुख्य दावा फेटाळला गेला तरी ही रक्कम परत द्यायची नव्हती. उसाच्या फडात असा मुकादम कोणी पाहिला आहे काय, की हंगाम बुडाला तरी उचल माफ?

ह्या कलमाची खरी कसोटी मराठवाड्यात नव्हे, सातारा जिल्ह्यात लागली. ते प्रकरण येथे थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण नांदेड-लातूरच्या प्राधिकरणांतही पुढे कायदा चालला तो त्यातूनच निघालेला. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे तीनच्या सुमारास पुणे-बंगळूर महामार्गावर कवठे गावाजवळ पेट्रोलचा टँकर आणि ट्रक ह्यांची टक्कर झाली. टँकर रस्ता सोडून काही अंतरावर आडवा पडला. पेट्रोल गळू लागले, साचू लागले. उजाडल्यावर गावातली माणसे जमली. सव्वासातच्या सुमारास स्फोट झाला आणि जमलेल्यांपैकी कित्येक होरपळले, काही दगावले. दगावलेल्यांतल्या एका मुलाच्या आईने १५,००० रुपयांसाठी अर्ज केला. साताऱ्याच्या प्राधिकरणाने तो नाकारला. टक्कर तीन वाजता, स्फोट सव्वासातला. तेव्हा हा मृत्यू मोटारीच्या 'वापरातून' झाला असे म्हणता येत नाही, असा तो विचार. उच्च न्यायालयाने उलट निकाल दिला. वाद दिल्लीपर्यंत गेला, आणि १७ जुलै १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या आईच्या बाजूने कौल दिला : आडवा पडलेला टँकरही 'वापरात'च असतो, अपघात आणि स्फोट ह्यांतला दुवा तुटत नाही, आणि असे अर्ज पंचनामा, पोलिसांतली खबर, मरणोत्तर तपासणी, विमा अशा कागदांवरून झटपट निकाली काढायचे असतात, त्यांसाठी लांबलचक पुरावा घेत बसायचे नसते.

एका अव्ययाएवढ्या शब्दावर, 'वापर' ह्या शब्दावर, तीन न्यायालये झाली. आम्हां भाषेच्या लोकांना हा निवाडा वाचताना आनंद व्हायला हवा, आणि तो होतोही. परंतु तारखांकडे लक्ष गेले की तो टिकत नाही. जी रक्कम तातडीची म्हणून कायद्याने ठरवली, ती देय आहे की नाही ह्याचाच अखेरचा शब्द पावणेचार वर्षांनी उच्चारला गेला.

दरम्यान १९८८ चा नवा मोटार वाहन कायदा झाला, १ जुलै १९८९ पासून तो लागू झाला, '९२-अ'चे '१४०' झाले आणि १५,००० चे २५,०००. नोव्हेंबर १९९४ मध्ये ५०,००० झाले. आणि मग ही रक्कम तिथेच थांबली. १९९४ ते २०२२, सत्तावीस वर्षे, मराठवाड्यातल्या मेलेल्या माणसाची सरकारमान्य उचल पन्नास हजारच राहिली. ह्या काळात एक पिढी जन्मून पदवीधर झाली. ती आमच्या वर्गांत बसून गेली.

त्या पिढीतल्या एका विद्यार्थिनीची आठवण येथे सांगतो. तिचे वडील मोटारसायकलवरून बाजाराहून येताना गेले होते. दुसऱ्या सत्रात ती एक कागद घेऊन विभागात आली आणि म्हणाली, 'सर, ह्यात अंतरिम लिहिलंय. अंतरिम म्हणजे किती दिवस?' आम्ही तिला शब्दकोशातला अर्थ सांगितला : दरम्यानचा, तात्पुरता. तिने विचारले होते ते त्याचे उत्तर नव्हते, हे ती गेल्यावर आमच्या ध्यानी आले. त्या घराला अंतरिम पन्नास हजार मिळाले ते अकराव्या महिन्यात. चुलत्यांनी बाहेरून उचल घेतली होती ती तेराव्याच्या आधी.

बाहेरून म्हणजे कोठून, हे गावागणिक वेगळे. अडत्या, मुकादम, गावातला पैसेवाला, कधी भाचजावयाच्या ओळखीचा शहरातला कोणी. कागद होतो किंवा होत नाही. शब्द मात्र होतो की 'क्लेम आला की देऊ'. व्याजाची भाषा वार्षिक नसते, ती महिन्याची आणि शेकड्याची असते. 'पाच टक्के' म्हटले की शंभराला महिना पाच रुपये समजायचे. उदाहरणापुरता हिशेब मांडू. पन्नास हजारांना ह्या दराने महिन्याला अडीच हजार, चार वर्षांत सरळव्याजानेच एक लाख वीस हजार. आता उलट बाजू. प्राधिकरण निकाल देते तेव्हा विमा कंपनीवर अर्जाच्या तारखेपासून व्याज लावते. ते दर साल शेकडा नऊ धरले तर त्याच पन्नास हजारांवर चार वर्षांत अठरा हजार. म्हणजे एकाच मृत्यूच्या एकाच मधल्या काळाची किंमत न्यायालयाने मोजली तर अठरा हजार, गावाने मोजली तर एक लाख वीस. विलंब करणाऱ्या कंपनीला काळ स्वस्त पडतो आणि वाट पाहणाऱ्या विधवेला महाग. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने परवाना सक्तीचा केला, चक्रवाढ व्याज आणि मुद्दलाहून अधिक व्याज घेण्यास मनाई केली. दामदुपटीचा जुना नियम पुन्हा लिहून काढला म्हणा. पण जो व्यवहार कर्ज म्हणून कोठे लिहिलाच जात नाही, त्याला दामदुपट कोठून लावणार?

न्यायालयांना हे ठाऊक नव्हते असे मात्र नाही. १९९० च्या दशकाच्या आरंभी केरळच्या राज्य परिवहन महामंडळाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वारसांची रक्कम मुदत ठेवीत ठेवण्याविषयी प्राधिकरणांना सूचना दिल्या. त्यांतली एक अट नीट वाचण्याजोगी आहे : बँकेने ह्या ठेवीवर कोणतेही कर्ज वा उचल देऊ नये. पैसा हाती येताच तो कोण ओढून नेणार, ह्याची पूर्ण कल्पना त्या अटीमागे आहे. परंतु उचल तर ठेव होण्याच्या आधीच घेऊन झालेली असते. त्यामुळे व्हायचे असे की भरपाई मंजूर झाली तरी ती बँकेत अडकलेली, आणि दारात देणेकरी उभा. प्राधिकरणे ही सूचना यंत्रवत लावतात, साक्षर व जाणत्या वारसांचेही पैसे विनाकारण अडकवतात, असे सर्वोच्च न्यायालयालाच २०१२ मध्ये सांगावे लागले. लोकअदालतीत तडजोड करून कमी रकमेवर सही करणारी कुटुंबे ह्याच गणिताने सही करतात. आणि जी करत नाहीत त्यांच्या वाट्याला विमा कंपनीचे औरंगाबाद खंडपीठातले अपील येते. तिथे जमा झालेल्या रकमेतला काही भाग 'निकाल विरुद्ध गेल्यास परत करीन' असे हमीपत्र देऊन काढता येतो. तीही एक उचलच, पण परतीच्या बोलीची.

सावकार मराठी कथा-कादंबरीत पहिल्यापासून ठाण मांडून बसला आहे. त्याची गादी, त्याची वही, त्याचे गोड बोलणे आपण शिकवतो. दावा प्राधिकरणाच्या पायरीवर बसलेली बाई मात्र आमच्या वाचनात क्वचितच आली. जमीन गिळणारा सावकार लेखकांना दिसला. येऊ घातलेल्या मावेजावर डोळा ठेवून पैसे देणारा दिसला नाही, बहुधा तो स्वतःला सावकार म्हणवत नाही म्हणूनही असेल.

अमेरिकेत हा व्यवहार उघड्यावर, कंपन्यांच्या पाट्या लावून चालतो. अपघातग्रस्ताला वा मयताच्या वारसांना दाव्याच्या निकालापूर्वी रोख रक्कम द्यायची, आणि तडजोड झाली की त्यातून आपला वाटा घ्यायचा. दावा हरला तर कंपनीने परत काही मागायचे नाही. ओहायो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २००३ मध्ये असे एक प्रकरण आले. मोटार अपघातात जखमी झालेल्या एका स्त्रीने ६,००० डॉलर उचलले होते. दावा वर्षात मिटला तर १६,८०० द्यायचे, दीड वर्षात २२,२००, दोन वर्षांत २७,६००. गंमत अशी की कंपनीच्या नावातच 'अंतरिम' हा शब्द होता. न्यायालयाने करार रद्द ठरवला : दुसऱ्याच्या खटल्यावर धंदा करणे, आणि दावेदाराला तडजोडीपासून परावृत्त करणे, हे जुन्या इंग्रजी कायद्याला मान्य नाही. पुढे २००८ मध्ये त्याच राज्याच्या विधिमंडळाने अटी घालून असे करार वैध केले.

आपल्याकडे तो जुना इंग्रजी नियम कधी जसाच्या तसा आलाच नाही. १८७६ साली कलकत्त्याच्या एका प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने सांगितले, की दुसऱ्याच्या दाव्याला पैसा पुरवणे हिंदुस्थानात मुळातच बेकायदा नाही. मात्र करार पिळवणुकीचा असेल, जुगारी वृत्तीचा असेल, तर न्यायालय तो मानणार नाही. गरिबाला हक्काचा दावा चालवायला कधी कधी दुसऱ्याचा पैसा लागतोच, ही जाणीव त्यामागे होती. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा नोंदवले की वकिलांनी अशी गुंतवणूक करता कामा नये, पण वकील नसलेल्या त्रयस्थावर तसे बंधन दिसत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या महाराष्ट्रातल्या दुरुस्तीत तर दाव्याला पैसा पुरवणाऱ्याची दखलही आहे. सारांश, दार उघडे आहे. फक्त त्यातून आत आलेल्या बड्या कंपन्यांना मोठ्या व्यापारी लवादांत रस असतो. लोह्याच्या सायकलस्वाराच्या विधवेत नसतो. तिच्यासाठी गावातलाच तो, आणि दावा हरला तर तो काही सोडत नाही. अमेरिकन कंपनीचा दर आणि गावातल्या कर्जाची वसुली, दोन्हींतले वाईट तेवढे एकत्र.

म्हणूनच '१४०' कलमाची पन्नास हजारांची उचल, तुटपुंजी असली तरी, आम्हांला मोलाची वाटते. मधल्या काळासाठी दिलेला तेवढा एकच पैसा असा होता की ज्यावर व्याज नव्हते आणि जो परत मागितला जात नव्हता.

'होता' हा भूतकाळ जाणून वापरला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने, १ एप्रिल २०२२ पासून, ते प्रकरणच कायद्यातून वगळले गेले. त्याच्या जागी नवे '१६४' कलम आले : दोष सिद्ध न करता मृत्यूला पाच लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. आकडा दहापट झाला म्हणून वृत्तपत्रांनी स्वागत केले, आणि आकड्यापुरते ते योग्यच होते. परंतु कलम १६६ ला जोडलेले परंतुक वाचले म्हणजे व्यवहाराचा अर्थ पालटल्याचे दिसते. विमा कंपनीशी ठरवून हे पाच लाख जो स्वीकारील, त्याचा प्राधिकरणापुढचा दावा संपुष्टात येईल. पूर्वीचे पन्नास हजार घेऊन दावा पुढे चालत असे. आता पाच लाख घेतले की चालायचे थांबते. तरुण कमावता माणूस गेला असेल तर रीतसर हिशेबाने भरपाई पाच लाखांच्या कितीतरी पुढे जाऊ शकते. पण रीतसर हिशेबाला वर्षे लागतात, आणि पेरणी जूनमध्येच असते. ज्या घराला थांबणे परवडते ते थांबेल. ज्याला परवडत नाही ते सही करील. उचलीच्या जागी सौदा आला आहे, आणि सौद्यात काळ नेहमी पैसेवाल्याच्या बाजूने असतो.

संसदेला मधल्या काळाचा अगदीच विसर पडला असे म्हणता येणार नाही. त्याच दुरुस्तीत '१६४-अ' कलम आहे. दावेदारांना अंतरिम मदत देण्यासाठी केंद्र सरकार योजना 'करू शकेल', असे त्यात म्हटले आहे. जुन्या कलमात वाहनमालक भरपाई देण्यास 'जबाबदार राहील' असे होते. व्याकरणात 'शकणे' हे सहायक क्रियापद सामर्थ्य दाखवते, कर्तव्य दाखवत नाही, हे आम्ही प्रथम वर्षाला शिकवतो.

२०२२ पूर्वीच्या अपघात दाव्यांच्या फायली नांदेड-लातूरच्या वकिलांकडे अजून आहेत. त्यांत मुख्य दाव्याच्या जोडीला एक वेगळा, दीड-दोन पानांचा अर्ज असतो : 'कलम १४० अन्वये अंतरिम भरपाई मिळणेबाबत'. खाली बहुतेक ठिकाणी अंगठा, क्वचित थरथरत्या अक्षरांतली सही. १ एप्रिल २०२२ नंतरच्या अपघातांच्या फायलींत तो कागद नाही. मुख्य दाव्याखालची सही तेवढी आहे, आणि तिच्या पुढे पेशीची तारीख.